पाटी फ्लेक्सखाली, चालान मोबाईलवर: नो पार्किंगच्या दंडाला हरकत कशी घ्यायची

प्रश्न असा आहे. तालुक्याच्या गावी आठवडी बाजाराच्या दिवशी ग्रामीण रुग्णालयाच्या थोडं अलीकडे, रस्त्याच्या कडेला मोटरसायकल लावली. तिथं आधीच वीसेक गाड्या उभ्या होत्या. तीन दिवसांनी मोबाईलवर ५०० रुपयांच्या ई-चालानाचा मेसेज आला. परत जाऊन पाहिलं तर खांबावर नो पार्किंगची पाटी आहे, पण तिच्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स बांधलाय. खालचा बाण तेवढा दिसतो, तोही कुठल्या बाजूचा ते कळत नाही. पैसे भरून मोकळं व्हावं की हरकत घ्यावी?

आधी एकच करा: पैसे भरू नका. चालान भरणं म्हणजे कायद्याच्या भाषेत तडजोड, मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० खालची. एकदा भरलं की प्रकरण मिटलं. नंतर कितीही चांगले फोटो आणले तरी ते उघडून पाहायला कुणी बांधील नाही. "आधी भरतो, मग तक्रार करतो" हा क्रम इथं चालत नाही. मात्र न भरणं म्हणजे गप्प बसणं नव्हे. हरकतीची जी मुदत चालानावर किंवा पोर्टलवर दाखवली असेल, तिच्या आतच हरकत नोंदवायची.

दुसरं, मेसेज खरा आहे का ते पाहा. चालानाच्या नावाखाली एपीके फाईल (मोबाईलमध्ये ॲप बसवणारी) पाठवून खातं साफ करणारे मेसेज खेड्यापाड्यात भरपूर फिरतात. मेसेजमधल्या लिंकवर बोट ठेवू नका. राज्य वाहतूक पोलिसांचं महाट्रॅफिक ई-चालान पोर्टल किंवा ॲप स्वतः उघडा आणि गाडीचा नंबर व चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाका. खऱ्या पत्त्याचा शेवट जीओव्ही डॉट इन असा असतो. चालान तिथं दिसलं तरच पुढचं सगळं लागू.

आता चालानावरचं कलम वाचा. बहुतेक लोक रक्कम वाचतात आणि तिथंच थांबतात, पण सगळं प्रकरण कलमावर फिरतं.

मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये गाडी उभी करण्याचे गुन्हे मुख्यतः दोन वाटांनी येतात. पहिली वाट कलम ११९ ची: पाटी होती आणि तुम्ही ती पाळली नाही. दुसरी कलम १२२ ची: गाडी अशी लावली की रहदारीला धोका, अडथळा किंवा जास्तीचा त्रास झाला, किंवा होण्याजोगा होता. दोन्हींचा दंड साधारणपणे कलम १७७ मधून लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तो पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि पुन्हा केल्यास १५०० रुपयांपर्यंत आहे. रहदारी अडवल्याबद्दल कलम २०१ लावलेलंही दिसतं, तिथंही कमाल ५००.

यात फरक काय? पाटी दिसत नव्हती हा मुद्दा पहिल्या वाटेवर थेट लागू पडतो. दुसऱ्या वाटेवर पाटीचा संबंधच नाही. गाडीनं रस्ता अडवला असेल तर पाटी असो-नसो, गुन्हा होतो. म्हणजे चालान १२२ चं असेल आणि तुम्ही पानभर पाटीबद्दलच लिहिलं, तर हरकत एका ओळीत फेटाळली जाईल. तिथं दाखवायचं असतं ते हे, की गाडी डांबराच्या बाहेर होती, दोन्ही बाजूंनी वाहनं सुरळीत जात होती, कुणाचं दार किंवा फाटक अडलं नव्हतं. बहुतेक वेळा दोन्ही मुद्दे लिहावे लागतात, पण वेगवेगळ्या परिच्छेदात. एकत्र कालवले की दोन्ही पातळ होतात.

काही जागा अशा आहेत की तिथं पाटी नसली तरी गाडी लावता येत नाही: चौक आणि वळण, पूल, फूटपाथ, झेब्रा क्रॉसिंगजवळ, बसथांब्यासमोर, शाळेच्या किंवा दवाखान्याच्या फाटकासमोर, उभ्या गाडीला रस्त्याच्या बाजूनं लागून दुसरी गाडी, आणि जिच्यामुळे दुसरी पाटी झाकली जाते अशी कुठलीही जागा. प्रश्नातली गाडी "रुग्णालयाच्या थोडं अलीकडे" होती. थोडं म्हणजे किती? फाटकाच्या तोंडाशी असेल तर फ्लेक्सची गोष्ट विसरा आणि ५०० भरा. वीस-पंचवीस पावलं अलीकडे, भिंतीला लागून असेल तर पुढं वाचा.

पाटीबद्दल कायदा काय म्हणतो? कलम ११६ सांगतं की वाहतुकीच्या पाट्या राज्य सरकार किंवा त्यानं अधिकार दिलेली यंत्रणाच लावू शकते, आणि कायद्याच्या अनुसूचीत ज्या पाटीचा नमुना दिलाय तिचा आकार, रंग, प्रकार तसाच पाहिजे. नो पार्किंगची पाटी म्हणजे निळी गोल तबकडी, लाल कडा आणि एक तिरपी लाल पट्टी. दोन लाल पट्ट्या एकमेकींना छेदत असतील तर ती थांबायलाही मनाई करणारी पाटी. तिथं "सवारी उतरवत होतो" हे उत्तर उपयोगाचं नाही. त्याच कलमात हेही आहे की पाटी झाकणारी किंवा पाटीसारखीच दिसून गोंधळ करणारी जाहिरात काढून टाकण्याचा अधिकार राज्य सरकार पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला देऊ शकतं. म्हणजे झाकलेल्या पाटीची अडचण कायदा करणाऱ्यांनाही ठाऊक होती. हरकतीत ही ओळ लिहा, वजन पडतं.

दुकानाच्या शटरवर रंगवलेलं "येथे गाडी लावू नये, अन्यथा हवा सोडण्यात येईल" ही कलम ११६ ची पाटी नव्हे. तिच्या भरवशावर चालान होत नाही आणि हवा सोडण्याचा अधिकारही कुणाला मिळत नाही. तसंच दुभाजकाचे काळे-पांढरे पट्टे. ते रात्री दिसावेत म्हणून असतात, पार्किंगबंदीसाठी नव्हे.

उलट बाजूनंही सांगतो. पाटी स्पष्ट वाचता येत होती, फक्त नमुन्यापेक्षा लहान होती किंवा पांढऱ्या पत्र्यावर नुसतं "नो पार्किंग" लिहिलं होतं, एवढ्यावर सहसा सुटका होत नाही. तुम्हाला समजलं होतं ना, एवढाच प्रश्न समोरचा विचारतो. मुद्दा जोरदार होतो तो पाटी वाचताच येत नसेल तेव्हा, किंवा वाचून दोन अर्थ निघत असतील तेव्हा. आपल्याकडे दिसणारे प्रकार ठरलेले आहेत: फ्लेक्स किंवा कडुलिंबाच्या फांदीनं झाकलेली पाटी; बाण पुसलेला, त्यामुळे बंदी डावीकडे की उजवीकडे ते कळत नाही; रस्त्याच्या एकाच टोकाला पाटी, दुसऱ्या टोकानं येणाऱ्याला काहीच दिसत नाही; सम-विषम तारखेची पाटी, पण कोणती बाजू ते लिहिलेलं नाही; आणि बाजाराच्या दिवशी पोलिसांनी आणून ठेवलेलं लोखंडी स्टँड, जे ठेलेवाल्यानं जागेसाठी दहा फूट सरकवून ठेवलेलं असतं.

या शेवटच्या प्रकाराबद्दल थोडं जास्त. बाजार, यात्रा, पोळा यासाठी रस्ता तात्पुरता बंद होतो तेव्हा कलम ११५ लागतं. एक महिन्यापर्यंतच्या अशा निर्बंधाला राजपत्रात अधिसूचना लागत नाही, पण परिस्थितीनुसार स्थानिक प्रसिद्धी द्यावी लागते. त्यामुळे "अधिसूचनाच नाही" असं ठोकून देऊ नका. प्रसिद्धी कशी दिली, स्टँड कुठून कुठपर्यंत होतं, हे विचारा.

पुरावा हा सगळ्यात नाजूक भाग. हरकत हरते ती बहुतेक वेळा इथंच. लोक जवळ जाऊन फ्लेक्सचा एक फोटो काढतात आणि समजतात की झालं. त्या फोटोवरून एवढंच कळतं की कुठल्यातरी खांबावर फ्लेक्स आहे. दाखवायचं असतं ते वेगळं: गाडी चालवत येणाऱ्या माणसाला, त्याच्या दिशेनं, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून काय दिसत होतं.

म्हणून ज्या चौकातून तुम्ही त्या रस्त्याला वळलात तिथून सुरुवात करा. मोबाईल छातीच्या उंचीवर आडवा धरून, मध्ये न थांबता, गाडी लावल्याच्या जागेपर्यंत चालत व्हिडिओ काढा. तसाच पुढच्या टोकापर्यंत जा आणि दुसऱ्या बाजूनं परत या. मग फोटो: पन्नास पावलांवरून खांब, वीस पावलांवरून, आणि अगदी खालून, ज्यात फ्लेक्सची दोरी पाटीवरून गेलेली दिसते. गाडीची जागा आणि पाटी एकाच फ्रेममध्ये येईल असा एक फोटो हवाच. नसेल येत तर तोही पुरावा आहे, कारण मग ती पाटी तिथून दिसतच नाही. मागं पानठेल्याची किंवा मेडिकलची पाटी येऊ द्या. पोर्टलवरच्या पोलिसांच्या फोटोत तीच खूण सापडली की दोन्ही फोटो एकाच जागेचे आहेत हे आपोआप सिद्ध होतं.

वेळ तीच निवडा, जी चालानात आहे. दुपारी चारला झाडाची सावली पाटीवर येते आणि सकाळी दहाला येत नाही, असं होतं. चालान संध्याकाळचं असेल तर दिवा लागत होता की नाही तेही टिपा.

चालान उशिरा येतं, म्हणून हमखास अडचण अशी की "आजचा फोटो आजची स्थिती सांगतो, त्या दिवशीची नाही." इथं फ्लेक्सच तुमचा साक्षीदार आहे. त्याच्यावर वाढदिवसाची तारीख छापलेली असते. चालान १४ तारखेचं आणि वाढदिवस १२ चा असेल, तर १४ ला तो फ्लेक्स तिथं होता असं म्हणायला आधार मिळतो. तारीख वाचता येईल असा जवळचा फोटो घ्या. आणि फ्लेक्स स्वतः काढू नका. पाटीला हात लावणं, ती फिरवणं किंवा बिघडवणं हा वेगळा गुन्हा आहे, शिवाय तुमचाच पुरावा जाईल.

फोटो व्हॉट्सॲपवरून इकडून तिकडे फिरवले की त्यातली तारीख, वेळ, ठिकाणाची माहिती गळून पडते. मूळ फाईल मोबाईलमध्ये राहू द्या, दुसऱ्याला पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. प्रकरण कोर्टात गेलंच तर भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि त्याला मूळ मोबाईल हाताशी असलेला बरा.

त्यानंतर पोर्टलवरचा पोलिसांचा फोटो मोठा करून पाहा. त्यात तुमचा नंबर दिसतो का? पाटी दिसते का? ठिकाण म्हणून नुसतं "मेन रोड" लिहिलंय का? वेळ बरोबर आहे का? फोटोत फक्त गाडीची मागची बाजू असेल आणि पाटी कुठंच नसेल, तर हरकतीचं पहिलं वाक्य तेच. चालान पोलिसांनी समोर येऊन केलेलं नसून कॅमेऱ्यावरून आलेलं असेल, तर केंद्रीय मोटार वाहन नियमांचा १६७-अ पाहा. त्यात गुन्हा घडल्यापासून पंधरा दिवसांत नोटीस पाठवायची, असं आहे. मेसेजची तारीख जपून ठेवा.

हरकत पोर्टलवर किंवा ॲपवर तक्रारीच्या भागात चालान नंबर निवडून नोंदवता येते. मजकूर छोटा ठेवा. वाचणाऱ्यासमोर अशा कितीतरी तक्रारी असतात. नमुना असा:

"चालान क्र. ……, दि. ……, वेळ ……. माझी मोटरसायकल क्र. …… ही …… रोडवर, …… मेडिकलसमोर, डांबराच्या बाहेर उभी होती. या ठिकाणची नो पार्किंगची पाटी फ्लेक्सखाली झाकलेली असून मी ज्या दिशेनं आलो तिकडून ती वाचता येत नाही (फोटो १ ते ३). पाटीखालचा बाण पुसट असल्याने बंदी कोणत्या बाजूला आहे हे समजत नाही (फोटो ४). फ्लेक्सवर दि. …… ही तारीख आहे (फोटो ५). चालानासोबतच्या फोटोत पाटी दिसत नाही. गाडीमुळे रहदारीला अडथळा नव्हता. त्याच फोटोत रस्ता मोकळा दिसतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११६ व ११९ चा विचार करता, न दिसणारी पाटी पाळली नाही असे म्हणता येत नसल्याने चालान रद्द करावे, ही विनंती."

यात "सगळेच लावतात", "पाच मिनिटंच होतो", "बाकीच्यांना का नाही केलं" असलं काही नाही, आणि ते मुद्दाम. यातलं एकही कारण कायद्यात बसत नाही. उलट गाडी लावल्याची कबुली तेवढी होते. पेशंट घेऊन आला असाल तर तो वेगळा मुद्दा. दवाखान्याचा केस पेपर जोडा, तारीख-वेळ जुळत असेल तर दयेचा विचार होतो. पण तो शेवटी, एका ओळीत.

पोर्टलवर उत्तर "चालान योग्य आहे" असं एका ओळीत येऊ शकतं. म्हणून त्याच दिवशी माहितीच्या अधिकाराचा अर्जही टाका. जोडपत्र 'अ' मध्ये, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून, जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. "पाटी का झाकली?" असं विचारू नका, 'का'ला उत्तर द्यायला ते बांधील नाहीत. कागद मागा. अमुक रस्त्यावर, अमुक ठिकाणापासून अमुक ठिकाणापर्यंत नो पार्किंग घोषित केल्याच्या आदेशाची किंवा अधिसूचनेची प्रत. त्याची तारीख आणि कोणत्या कलमाखाली काढला ते. पाटी बसवल्याची नोंद. ग्रामीण भागात असा आदेश बहुधा जिल्हादंडाधिकारी किंवा पोलीस अधीक्षकांच्या पातळीवर निघतो, महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३३ खाली किंवा मोटार वाहन कायद्याखाली. पाटी मात्र नगर परिषद, नगर पंचायत किंवा बांधकाम विभागानं बसवलेली असते. तेव्हा पाटीच्या नोंदीसाठी दुसरा अर्ज तिकडे.

उत्तराला तीस दिवस. आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर तीस दिवसांत पहिलं अपील, वीस रुपयांचं स्टॅम्प लावून. उत्तरात "आदेश उपलब्ध नाही" असं लेखी आलं तर तुमच्या हातात फ्लेक्सच्या फोटोपेक्षा भारी कागद आला. आदेश आला आणि त्यात बंदी "बसस्थानक ते तहसील कार्यालय" एवढीच असेल, तर तुमची जागा त्यात येते का ते मोजा. कधी कधी पाटी आदेशाच्या हद्दीबाहेर लागलेली निघते.

तरीही चालान कायम राहिलं तर पुढं कोर्ट. व्हर्च्युअल (ऑनलाइन) कोर्टात प्रकरण गेलं असेल तर तिथं दोन पर्याय दिसतात: दंड भरणे किंवा प्रकरण लढवणे. महाराष्ट्रातलं वाहतूक चालानांचं पहिलं व्हर्च्युअल कोर्ट २०२० मध्ये आपल्याच नागपूर जिल्ह्यात, काटोलला सुरू झालं. लढवणे निवडलं की प्रकरण त्या हद्दीच्या नेहमीच्या कोर्टाकडे जातं, तालुक्याला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर. समन्स आलं तर तारखेला जायचंच. गैरहजर राहिलं की साधं प्रकरण वॉरंटपर्यंत जातं. विचारल्यावर "गुन्हा कबूल नाही" एवढंच सांगायचं. मग चालान करणाऱ्याला विचारायचे प्रश्न तीन-चारच: पाटी गाडीपासून किती अंतरावर होती, तिच्यावर त्या दिवशी काही होतं का, तुम्ही काढलेल्या फोटोत ती का नाही, बंदीचा आदेश कुठल्या तारखेचा. फक्त दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल कोर्टानं घेण्याला सहा महिन्यांची मर्यादा आहे (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ५१४). जुनं चालान उकरून समन्स आलं असेल तर हा मुद्दा पहिल्याच तारखेला मांडा.

लोकअदालतीची नोटीस आली तर समजून जा की तिथं तडजोड होते, खरं-खोटं ठरत नाही. तिथल्या निवाड्यावर अपीलही नाही.

हिशेब रोखठोक करायचा तर ५०० रुपयांसाठी वकील लावणं परवडत नाही. एका तारखेची मजुरी बुडते, एसटीचं भाडं जातं, कापूस वेचणीच्या दिवसांत तर विचारूच नका. पोर्टलची हरकत आणि माहितीचा अर्ज मिळून खर्च शंभराच्या आत राहतो. तिथपर्यंत जरूर जा. कोर्ट कधी? दुसऱ्यांदाचं म्हणून १५०० लावले असतील, मालवाहू गाडीला त्याच जागी पुन्हा पुन्हा चालानं येत असतील, किंवा आदेशच नाही असं लेखी हातात असेल तर. महिला, अनुसूचित जाती-जमातीतले आणि दिव्यांग यांना उत्पन्न न पाहता तालुका विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो. ही समिती कोर्टाच्या आवारातच असते, साध्या अर्जावर काम होतं.

चालान होत असताना तुम्ही तिथं हजर असाल तर एवढंच: गाडी काढा म्हटलं की लगेच काढा. आदेश न मानणं हे वेगळं कलम आहे, १७९, आणि त्याचा दंड २००० पर्यंत जातो. पाटी कुठं आहे ते शांतपणे विचारा, साहेबांनी बोट दाखवलं तर त्या दिशेचा फोटो घ्या. पावतीशिवाय रोख देऊ नका.

चालान रद्द झालं तर पोर्टलवर ते निघालेलं दिसेपर्यंत अधूनमधून पाहत राहा आणि स्क्रीनशॉट काढून आरसीच्या झेरॉक्ससोबत ठेवा. हरकत मान्य होऊनही थकीत यादीत नाव राहिलेलं असतं, आणि ते कळतं तीन वर्षांनी, गाडी विकून नाव बदलायला गेल्यावर.